मुलांना कराटे-ज्युदोला घालण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा संपत आल्या की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत हस्तपत्रके पडू लागतात. ‘उन्हाळी कराटे शिबिर’, ‘मुलींसाठी स्वसंरक्षण वर्ग’, ‘अल्पावधीत ब्लॅक बेल्ट’. चौकातल्या फलकावर उंच उडी घेऊन लाथ मारणारा मुलगा झळकतो. या दिवसांत माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या तक्रारींबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, याला कराटेला घालू का? आणि कोणत्या क्लासला?’

मी कोणत्याही क्लासचे नाव सांगत नाही. एवढेच सांगतो, की मुलाला अवश्य घाला, मात्र फी भरण्यापूर्वी एक पूर्ण तास तिथे जाऊन बसा. कराटे, ज्युदो, तायक्वांदो की कुस्ती, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. शिकवणारा कसा आहे, मुले कशावर पडतात आणि कुणाला लागले तर तिथे काय केले जाते, हे पहिले प्रश्न आहेत. त्या एका तासात काय पाहावे, ते आज समजून घेऊ.

फायदा कशाचा?

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी घाम येईल, दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायामही आठवड्यातून किमान तीन दिवस हवा. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत दिवस सरणाऱ्या मुलांच्या वाट्याला हे क्वचितच येते. चांगल्या वर्गात धावणे, उड्या, जोर-बैठका, तोल सांभाळणे आणि अंग लवचीक करणे असे सगळे होते. शिवाय रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर समोरच्याला नमस्कार करणे, या सवयी लागतात. बुजऱ्या मुलांना धीर येतो आणि दांडगट मुलांना आपल्या ताकदीचा अंदाज येतो. पण हे सगळे शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. वाईट शिक्षकाकडे तीच विद्या मुलाला भित्रे तरी करते, नाहीतर उर्मट तरी.

प्रकार कोणता?

कराटेचे मूळ ओकिनावा बेटावर. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ते जपानच्या मुख्य भूमीवर नेले. यात हातांचे ठोसे आणि लाथा दोन्ही असतात. तायक्वांदो हा कोरियाचा खेळ, त्यात लाथांवर भर. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो अधिकृत ऑलिंपिक खेळ आहे. कराटेला मात्र ही संधी एकदाच, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मिळाली. ज्युदो हा जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केला. त्यात ठोसे-लाथा नाहीत, पकडून पाडणे आणि जमिनीवर दाबून धरणे आहे. आपल्या कुस्तीशी त्याचे जवळचे नाते आहे.

वैद्यकीय दृष्टीने यांचे दोन गट पडतात. एका गटात मुले एकमेकांना मारतात, दुसऱ्यात एकमेकांना पाडतात. पहिल्यात डोके, चेहरा, हाताची बोटे यांना इजा होण्याचा संभव अधिक. दुसऱ्यात खांदा, कोपर, गळपट्टीचे हाड आणि पडताना डोके. आणखी एक तिसरी पद्धत दोन्हीत आहे. समोर कोणी नसताना ठरावीक क्रमाने हालचाली करायच्या. कराटेत तिला ‘काता’ म्हणतात. लहान मुलांची सुरुवात येथूनच व्हावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हेच म्हटले आहे. मुले आधी अंगाला स्पर्श न होणारा सराव करोत, शरीर व मन पक्व झाल्यावरच प्रत्यक्ष लढतीकडे वळोत, आणि हल्ली दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या पिंजऱ्यातल्या मिश्र झुंजींपासून मुलांना दूर ठेवावे, असा त्याचा सारांश आहे.

आधी जमीन पाहा, मग सर पाहा

आपल्याकडे अनेक वर्ग मंगल कार्यालयात, शाळेच्या व्हरांड्यात, गच्चीवर किंवा मैदानात भरतात. काता करायला एवढे पुरते. पण जिथे मुलांना पाडले जाते तिथे फरशी किंवा सिमेंट चालणार नाही. जाड, एकमेकींना घट्ट जोडलेल्या, मध्ये फट नसलेल्या मॅट हव्यात. भिंत आणि खांब दूर हवेत. आपल्या जुन्या वस्तादांना हे ठाऊक होते. आखाड्यातल्या हौद्याची लाल माती रोज खणून भुसभुशीत केली जाते, ती मल्लाचे अंग सांभाळण्यासाठीच.

त्यानंतर पाहा, की नव्या मुलाला आधी काय शिकवतात. ज्युदोत पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, हाताचा सपाट फटका मॅटवर मारायचा आणि डोके टेकू द्यायचे नाही. हा धडा कित्येक आठवडे गिरवावा लागतो.

तो न गिरवल्याचे परिणाम खुद्द जपानने भोगले आहेत. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली. यांतला मोठा भाग डोक्याच्या इजांचा होता आणि दगावलेल्यांत नवशिकी मुले बरीच होती. डोके जमिनीवर जोरात आपटले किंवा नुसते झटक्याने फिरले, तरी मेंदूच्या आवरणाखालच्या बारीक रक्तवाहिन्या तुटू शकतात आणि रक्त साचू लागते. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलेचे शिक्षण सक्तीचे झाले, त्या सुमारास या मृत्यूंची मोठी चर्चा झाली. पडण्याच्या सरावावर भर देण्यात आला, शिक्षकांसाठी सूचना निघाल्या आणि असे मृत्यू बरेच घटले. खेळ तोच राहिला, शिकवण्याची रीत बदलली आणि मुले वाचली. म्हणूनच खेळाच्या नावापेक्षा शिकवण्याची रीत पाहा, असा माझा आग्रह आहे.

डोक्याला मार लागला तर

कराटे आणि तायक्वांदो या दोन्ही खेळांत डोक्यावर बसलेल्या लाथेला जास्त गुण मिळतात. त्यामुळे स्पर्धेची तयारी करणारी मुले डोक्याकडेच नेम धरतात. शिरस्त्राण घातले म्हणजे काळजी मिटली, असा अनेक पालकांचा समज असतो. शिरस्त्राणाने कातडी फाटणे, कानाला लागणे टळते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा थांबेल याची खात्री देता येत नाही. दातांसाठी रबरी कवच, छातीचे व जांघेचे कवच मात्र लढतीत असायलाच हवे.

मूल बेशुद्ध पडले नाही म्हणजे मेंदूला हादरा बसला नाही, असे नाही. मार लागल्यानंतर मूल गोंधळलेले वाटणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणे, ही त्याची लक्षणे आहेत. यांतले एक जरी दिसले तरी त्या दिवशी सराव बंद. पुन्हा सराव सुरू करायचा तो डॉक्टरांनी तपासल्यावर आणि टप्प्याटप्प्याने. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायातली शक्ती कमी होणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काही झाल्यास क्षणभरही थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे. डोक्याला तेल चोळून झोपवून ठेवणे धोक्याचे आहे.

क्लासला गेल्यावर सरांना एक प्रश्न जरूर विचारा, ‘सर, मुलाच्या डोक्याला लागले तर आपण काय करता?’ ‘आमच्याकडे कुणाला लागतच नाही’ असे उत्तर आले, तर मी आपल्या जागी असतो तर दुसरा क्लास पाहिला असता.

वाढती हाडे आणि कौले फोडणे

गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात कराटेची प्रात्यक्षिके होतात. कौले फोडणे, बर्फाची लादी फोडणे, पोटावरून मोटारसायकल नेणे. टाळ्या खूप पडतात. मुलांनी मात्र हे करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची मऊ पट्टी असते. तेथूनच हाड लांबीला वाढते. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या, तर मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बहुतेक पट्ट्या कडक होऊन हाडात मिसळतात. तोपर्यंत हा भाग शेजारच्या सांध्याच्या बंधनांपेक्षाही नाजूक असतो. तिथे मार बसला तर हाड वाकडे वाढण्याची किंवा वाढ खुंटण्याची भीती असते. अकरा वर्षांचा एक मुलगा सुजलेला हात घेऊन माझ्याकडे आला होता. कौल फोडण्याचा सराव चार दिवस चालला होता आणि ‘दुखणे सहन कर, हात पक्का होतो’ असे त्याला सांगण्यात आले होते. क्ष-किरण चित्रात करंगळीमागचे हाड मोडलेले निघाले. हात पक्का करण्याची ही रीत लहान हाडांना लागू पडत नाही.

याच कारणाने सिमेंटवर मुठी टेकून जोर काढणे, शिक्षा म्हणून शंभर बेडूकउड्या किंवा उकिडवे बसून मैदानाला फेऱ्या मारणे, दोघांनी खांदे दाबून मुलाचे पाय बळेच फाकवणे, हेही टाळावे. लवचिकता हळूहळू येते. ताण जाणवणे ठीक, पण मुलाच्या डोळ्यांत पाणी येणे ठीक नाही.

सर कसे ओळखावेत?

वर्गात एका कोपऱ्यात बसा आणि पुढील गोष्टी पाहा.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करणारा व्यायाम होतो का? शेवटी श्वास शांत करणारा व्यायाम होतो का? एका शिक्षकामागे किती मुले आहेत? लहान मुलांच्या वर्गात वीसपेक्षा जास्त मुले असतील तर मदतनीस हवा. जोड्या लावताना वय, वजन आणि अनुभव पाहतात का? उन्हाळ्यात मुलांना अधूनमधून पाणी पिऊ देतात का? ‘पाणी प्याल तर दम राहणार नाही’ ही समजूत चुकीची आहे, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात धोक्याचीही. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? मॅट पुसल्या जातात का? घामट मॅटवरून आणि एकमेकांच्या पोशाखातून गजकर्ण पसरते. नखे कापलेली असावीत, गणवेश रोज धुतलेला असावा.

सर चूक कशी दाखवतात, तेही पाहा. छडी, कानाखाली मारणे, शिव्या, जाडेपणावरून टिंगल, यांना शिस्त म्हणत नाहीत. वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाकडे ते कसे पाहतात, यावरून शिक्षकाची परीक्षा होते. पदक आणणाऱ्या मुलाकडे तर सर्वांचेच लक्ष असते.

एक नाजूक विषय टाळून चालणार नाही. या विद्येत शिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावून शिकवावे लागते. म्हणून वर्ग उघड्यावर, सर्वांना दिसेल असा असावा. पालकांना आत बसू न देणे, एकट्या मुलाला वर्गानंतर थांबवून घेणे, ‘घरी सांगू नकोस’ असे म्हणणे, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर एकही बाई नसणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अंगाला नको तसा स्पर्श झाला तर तो कोणाचाही असो, घरी सांगायचे, हे मुलग्यांनाही शिकवा आणि मुलींनाही. मुलाने सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील बालकावरील अशा अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावरही फोन करता येतो.

पट्टे, पदके आणि पैसे

रंगीत पट्टा दिसला की मूल हरखते आणि पालकही. पट्टा मुलाला हुरूप देतो, त्यात वावगे नाही. पण हे पट्टे एखादे सरकारी खाते देत नाही. ज्या त्या संघटनेचे नियम वेगळे, परीक्षा वेगळी. काळा पट्टा म्हणजे विद्या संपली असाही अर्थ नाही. जपानी भाषेत त्याच्या पहिल्या पायरीला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीचा टप्पा. महिन्याची फी, गणवेश, कवचे, प्रत्येक पट्ट्याची परीक्षा, प्रमाणपत्र, स्पर्धेचा प्रवास, असा वर्षाचा एकूण खर्च आधीच लिहून मागा. वर्षाची फी एकदम भरू नका. महिनाभर मुलाचा कल पाहा. दहावी-बारावीचे क्रीडागुण मिळतील असे कोणी सांगितले, तर ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः विचारून घ्या.

स्पर्धेचा अतिरेकही वाईट. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी लहानग्यांना वजन घटवायला लावले जाते, पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडतात, हे त्यांनी पाहिले होते. वजनी गटात बसण्यासाठी वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून पळवणे, हे आपल्याकडेही घडते. असे सांगणारा शिक्षक कितीही पदके मिळवलेला असो, त्याचे ऐकू नये. डब्यातल्या महागड्या पावडरींचीही गरज नाही. भाकरी, उसळ, डाळ, दूध, शेंगदाणे, आणि घरी चालत असल्यास अंडी, एवढे पुरते.

मुलींनी काय शिकावे?

मुलीला स्वसंरक्षण यावे ही आईवडिलांची इच्छा रास्त आहे. पण दहा दिवसांच्या शिबिरानंतर ती कोणालाही लोळवील, हा भ्रम तिच्या मनात भरवू नका. कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो यांत वजनी गट का असतात? वजन आणि ताकद यांनी फरक पडतो म्हणूनच. चांगला वर्ग मुलीला आधी धोका ओळखायला, मोठ्याने ओरडायला, पकड सोडवून पळायला आणि घरी येऊन सांगायला शिकवतो. ११२ हा मदतीचा क्रमांक पाठ करून घेतो. ठोसा-लाथ त्यानंतर. मासिक पाळीत व्यायाम बंद करण्याचे कारण नाही. फार त्रास होत असेल तेव्हाच विश्रांती घ्यावी. वर्गाच्या जागी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची सोय आहे का, हे मात्र आईने स्वतः पाहावे.

आईबाबा आणि आजी-आजोबा

काही वर्गांत आता संपूर्ण कुटुंबाला प्रवेश असतो. ही चांगली गोष्ट आहे. बाबा सोफ्यावर आणि मुलगा मैदानावर, यापेक्षा दोघे मैदानावर असलेले बरे. प्रौढांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवाच. मात्र चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, छातीत दुखत असेल किंवा चालताना दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उड्या आणि खोल बैठका टाळाव्यात. आजी-आजोबांसाठी ताई ची हा संथ हालचालींचा चिनी प्रकार उत्तम. त्याने तोल सुधारतो आणि म्हातारपणी पडण्याचे प्रमाण कमी होते. तो शिकवणारा जवळपास नसेल, तर रोजचे चालणे आणि भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सरावही उपयोगी पडतो.

दमा, फेफरे, हृदयाचा आजार, एकच मूत्रपिंड, एकाच डोळ्याने दिसणे किंवा पूर्वी डोक्याला मार, यांपैकी काही असलेल्या मुलांनी प्रवेशापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि सरांनाही कल्पना द्यावी. यांतली बरीच मुले योग्य प्रकार निवडून व्यायाम करू शकतात. दम्याच्या मुलाच्या पिशवीत त्याचा पंप असलाच पाहिजे.

थोडक्यात

१. फी भरण्यापूर्वी एक पूर्ण तास वर्ग पाहा.
२. पाडण्याचा सराव मॅटवर किंवा मऊ मातीतच, आणि आधी पडायला शिकवलेले हवे.
३. डोक्याला लागले तर त्या दिवशी सराव बंद.
४. लहान वयात कौले फोडणे, वजन तोडणे नाही.
५. पालकांना दार बंद असलेला वर्ग नको.

महिनाभराने मुलाला एवढेच विचारा, ‘आज काय शिकलास?’ त्याने उत्साहाने उठून करून दाखवले तर क्लास चालू ठेवा. तो गप्प राहू लागला, वर्गाच्या वेळी पोट दुखते म्हणू लागला, तर त्याला रागावू नका. शेजारी बसवून कारण विचारा, आणि गरज पडल्यास भरलेली फी सोडून द्या.